कण्हणारं कथील

अंकाच्या संपादकसाहेबांनी फोन केला, "चाचा, दुबईतल्या जुन्या दिवसांवर लिहा." जुन्या दिवसांत वाळू होती, उकाडा होता आणि प्यायचं पाणी गाढवावरून यायचं. झालं लिहून. तर म्हणाले, तसं नको, तुमच्या कामाबद्दल लिहा. कामाबद्दल लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन त्यांनी बघावं. मजकुराला मात्र हात लावू नये. माझ्या वस्तूंना हात लावणारं माणूस घरात आता उरलं नाही, तसंच कागदालाही नको.

मी कल्हईवाला. अंक वाचणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी कल्हई बघितली नसेल, म्हणून सांगतो. तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं आणि खाणाऱ्याला ओकाऱ्या होतात. म्हणून भांड्याला आतून कथिलाचा पातळ थर द्यायचा. भांडं वाळूने घासायचं, निखाऱ्यावर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथिलाची कांडी आत टेकवायची आणि ती वितळली की कापसाच्या बोळ्याने एका दमात फिरवायची. काळं भांडं डोळ्यांदेखत पांढरं होतं. एवढंच काम आहे. पण हात थांबला तर डाग पडतो, आणि डाग पडला तर गिऱ्हाईक शिव्या देतं.

दुकान माझ्या मामूचं. मामूची मुलगी जमीला माझी बायको. आमच्याकडे असं लग्न होतं, त्यात नवल नाही. मामू दाभोळकडचा. दुबईतल्या देऱ्याला खाडीपासून थोडं आत त्याचं दुकान होतं, पुढे भट्टी, मागे खजुराच्या झावळ्यांची खोली, त्यात आम्ही. सगळा बाजार त्याला हाजी म्हणायचा. तेव्हा यूएई हे नावसुद्धा नव्हतं. रुपयेच चालायचे, तेही इथल्यासाठी निराळे छापलेले. अबुधाबीत तेल निघालं होतं आणि जो तो तिकडे पळत होता. मामू म्हणायचा, "जाऊ देत. तेल पिऊन पोट भरत नाही. कॉफीची किटली आपल्याकडेच येणार."

आम्ही नुसती कल्हई करत नव्हतो. कथील विकतही होतो. अरब त्याला कसदीर म्हणत. ते मलायात निघायचं, सिंगापूरहून आगबोटीने नाहीतर मुंबईहून गलबताने यायचं. रमजानच्या आधी आणि लग्नांच्या दिवसांत मागणी अशी वाढायची की भट्टी विझायची नाही. साठ साल ओलांडलं आणि कथील आटायला लागलं. का, ते मामूने मला एका वाक्यात सांगितलं. "विलायतेत लोक डब्यातलं खायला लागले. डब्याला आतून कथील लागतं." म्हणजे तिकडे गोरा मटार खाणार, म्हणून इकडे वाळवंटातल्या बदूची किटली काळी राहणार. धंद्याचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. बाकी जे सांगतात ते पगारासाठी सांगतात.

आता कथील पारखायचं कसं, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवली की आतून आवाज येतो. दार करकरतं तसा नाही. दुखणाईत माणूस कूस बदलताना दात आवळून कण्हतो, तसा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातून कांडी पडली. मामू हसला. "घाबरलास? जे कण्हतं ते खरं. जे गप्प बसतं त्यात शिसं." शिसं मिसळलं की कथील मुकं होतं, हा नियम. मामू डोळे मिटून कांडी वाकवायचा आणि सांगायचा, हे चांगलं, हे भेसळीचं. त्याच्या कानावर सगळ्या देऱ्याचा व्यवहार चालायचा. इतर कल्हईवालेसुद्धा आपला माल त्याच्याकडे घेऊन यायचे. हाजीचा कान म्हणजे संपलं, पुढे बोलणं नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. अल ऐनकडून एक म्हातारा बदू उंटावरून आला होता. किटली टाकून गेला, दुपारी घ्यायला आला. आखातात भुतं रात्री फिरत नाहीत. रात्री तर माणसं अंगणात बाजा टाकून गप्पा मारत असतात. इथली वाईट वेळ म्हणजे दुपार. सगळं गाव दारं लावून झोपतं, रस्त्यावर सावलीसुद्धा उरत नाही. अशा वेळी तो आला. नवी कल्हई आरशासारखी असते. त्याने किटलीत डोकावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि किटली माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, "यात मी नाही." मी म्हटलं, "बाबा, नीट बघा, धुरकट दिसतं." तो म्हणाला, "दिसतंय नीट. तो माझा भाऊ आहे. तो वारला." आणि उंटावर बसून गेला. किटली ठेवूनच गेला. जमीलाने ती पडद्याआड ठेवली आणि तिच्यात कधी डोकावली नाही. मला हसू आलं होतं. ती म्हणाली, "हसू नको. तुला काय ठाऊक त्याला कोण दिसलं."

लहानपणापासूनचं नातं, त्यामुळे ती मला घरात अरे-तुरे करायची आणि चारचौघांत अहो. खोटं बोलताना, नाहीतर माझं खोटं पकडल्यावर, हमखास अहो.

तर त्या टंचाईत एक दलाल आला. इराणच्या किनाऱ्यावरचा. खोक्यात कांड्या होत्या, बोटाएवढ्या जाड, गोल, सुरेख. कथिलापेक्षा किंचित निळसर. लग्नाचे दिवस, दुकानात कथील नाही, आणि नाखुदा सालेमच्या मुलीच्या लग्नाच्या मोठ्या देगी कल्हईला येऊन पडलेल्या. नाखुदा म्हणजे गलबताचा मालक, अर्ध्या देऱ्याला जेवण घालणार होता. मामूने कांडी उचलली, डोळे मिटले, वाकवली.

कांडी कण्हली.

मी जवळच होतो, मीही ऐकलं. मामूने ती सरळ केली, पुन्हा वाकवली, पुन्हा ऐकलं. कपाळाला आठी पडली. "आवाज आहे," म्हणाला, "पण सूर निराळा आहे."

दलाल म्हणाला, "हाजी, खाण निराळी, सूर निराळा. चीनचा माल आहे. शिसं असतं तर बोललं असतं का?"

ते खरंच होतं. शिसं असतं तर बोललंच नसतं. मामूने माल ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी शमाल सुटला, म्हणजे वाळूचा वारा. तापल्या भांड्यात वाळूचा कण गेला की कल्हई फुकट. म्हणून वारा असला की मामू दार-खिडकी बंद करून, फटींना गोणपाट लावून काम करायचा. भाता स्वतःच हाणायचा. मला त्याने कोळसा आणायला खाडीवर पाठवलं. मी वाऱ्यात अडकलो, उशिरा परतलो. दार उघडलं तर खोलीभर धूर. नवसागराचा धूर पांढरा असतो, तो रोजचाच. हा तपकिरी होता, खाली खाली बसत होता. मामू घामाने निथळत होता. म्हणाला, "हरामखोर कथील लवकर वितळत नाही. दुप्पट आग खातंय. पण बघ."

मी देगीत बघितलं. अशी कल्हई मी आयुष्यात बघितली नव्हती. चांदी. वाकून बघितलं तर माझा चेहरा इतका स्वच्छ की मीच मागे सरलो. मामूने त्याच मालाने घरची एक पातेलीही करून घेतली, जमीलासाठी. देगी नाखुद्याकडे गेल्या.

संध्याकाळी मामूला थंडी वाजली. त्याने चहा मागितला, म्हणाला तोंड गोड लागतंय. दुसऱ्या दिवशी छाती धरली. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला न्यूमोनिया. मामू बसूनच श्वास घ्यायचा, निजला की घुसमटायचा. शेवटी शेवटी एकच हात हलवत होता, कानाशी नेऊन काहीतरी वाकवल्यासारखा. जमीला त्याचा हात खाली घ्यायची, तो पुन्हा वर न्यायचा. असा गेला.

माती दिली. आमच्यात मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारी जेवण पाठवतात. बलुची, इराणी, आपले रत्नागिरीकडचे, सगळ्यांनी पाठवलं. जमीला रडली नाही. बायका आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या, ती भिंतीकडे बघत बसली. एक बाई मला म्हणाली, "तिला रडव रे, नाहीतर पोरगी खुळी होईल." कसं रडवायचं असतं, मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या दुपारी मी पडलो होतो. गाव झोपलेलं. जमीलाने माझा खांदा हलवला. "ऐक."

मी ऐकलं. दुकानात कुणीतरी कण्हत होतं.

मी म्हटलं, "कांड्या असतील. भिंतीला टेकवलेलं कथील उन्हाने मऊ पडतं, आपल्याच वजनाने वाकतं." अर्थ जुळत होता. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. थोडं थांबायचं, पुन्हा व्हायचं. कुणी एकेक कांडी उचलून कानाशी धरावी आणि ठेवून द्यावी, तसं. मी उठलो, पडदा सारला. दुकानात कुणी नव्हतं. भट्टी गार. उरलेल्या कांड्या खोक्यात होत्या. आडव्या. एकीला एक लागून, नीट रचलेल्या. भिंतीला एकही टेकलेली नव्हती.

मी परत येऊन म्हटलं, "टेकवलेल्याच आहेत."

ती म्हणाली, "अहो, बाबा पारखतायत. त्यांना पटत नाहीये." ती एकदम अहोवर आली, तेव्हा कळलं की माझं खोटं तिने ओळखलं आहे.

तिसऱ्या दुपारीही आवाज आला. त्या वेळी आम्ही दोघं बसून ऐकत राहिलो. मी कारणं सांगायचं सोडून दिलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी चूल पेटली. जमीलाने नव्या पातेलीत आमसुलाचं सार केलं. मामूने गावाहून आणलेलं आमसूल. आम्ही दोघं वाटी वाटी प्यालो. हात धुवायच्या आत मला मळमळलं. मग दोघेही अंगणात वाकून ओकत होतो. आतडी बाहेर येतील असं. जरा बरं वाटलं तेव्हा ती उठली, पातेली उजेडात धरली. साराची रेघ जिथे होती तिथे चांदी उडून काळपट पट्टा पडला होता.

"कळकलं," ती म्हणाली.

"नवी कल्हई कशी कळकेल?"

"कल्हई असेल तर नाही कळकणार." मग ती खोक्याकडे बघायला लागली. "ते कथील नाही. बाबा तीन दिवस तेच सांगतायत. देगी कुठेयत?"

देगी नाखुद्याकडे होत्या आणि त्याच दिवशी लग्न होतं.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहितो. नाखुद्याकडे जाऊन देगी उलट्या करा म्हणायचं, म्हणजे हाजीचा कान चुकला म्हणायचं. कबरीवरची माती अजून बसली नव्हती. त्या कानाशिवाय मामूने मागे काही ठेवलं नव्हतं. घर नाही, जमीन नाही. दुकान त्या कानावर चालायचं आणि आमची भाकरी दुकानावर. आणि बोललो नाही तर तिथे शेकड्यांनी माणसं त्या देगीतलं खाणार. अरबांच्या भातात लूमी असते, वाळवलेलं काळं लिंबू. आमसुलाच्या वर आंबट.

मी म्हटलं, "दलालाने फसवलं असं सांगू."

जमीलाने बुरखा घातला. "चल आधी. काय सांगायचं ते चालताना ठरव."

वाळूत अनवाणी पळावं तसे गेलो. नाखुद्याच्या अंगणात देगींखाली जाळ लागला होता, मटणाचा वास सुटला होता. बायका झावळ्यांच्या कुडाच्या पलीकडे, पुरुष अलीकडे. जमीला पलीकडे गेली. नाखुदा मुंबईला जाऊन येऊन आपल्यासारखं हिंदी बोलायचा. मला बघून उठला.

"अरे, हाजीच्या घरी मयत आणि तू इथे? बस, बस. जेवून जा."

"नाखुदा, देगी खाली करायला सांगा. कल्हई खराब आहे."

आचारी हसला. झाऱ्याने देगीची कड वाजवली. "खराब? बघ तरी, निकाहाच्या अंगठीसारखी चमकतेय. सासरा गेला आणि जावयाचं डोकं घेऊन गेला."

लोक हसले. मी म्हटलं, "दलालाने खोटा माल दिला."

नाखुदा हसला नाही. म्हणाला, "दलाल सगळेच खोटे. म्हणून तर आम्ही हाजीकडे जातो. सांग, माल पारखला कुणी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मामूचं नाव ओठांवर येत होतं आणि परत जात होतं.

तेवढ्यात कुडापलीकडून आवाज आला. परक्या पुरुषांत जमीलाचा आवाज कुणी कधी ऐकलेला नव्हता.

"माझ्या बापाने पारखला. त्याचा कान चुकला. त्याच धुराने तो मेला. आज आम्ही घरी ती पातेली वापरली आणि आतडी बाहेर येईपर्यंत ओकलो. तुम्ही खाऊ नका."

आचाऱ्याचा झारा थांबला. जाळ तेवढा तडतडत होता. मग नाखुद्याच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, तीही कुडापलीकडेच होती. "पोरगी मेलेल्या बापाचं नाव घेऊन खोटं बोलत नाही. खलास. उलटा करो."

देगी उलट्या झाल्या. एवढं मटण, एवढा भात, वाळूवर वाफाळत पडला. वर समुद्रावरचे पक्षी घिरट्या घालत राहिले. एकही खाली उतरला नाही. माणसांच्या गर्दीमुळे असेल. मी मुद्दाम बराच वेळ बघत होतो. नाखुद्याने वाळू लोटायला लावली. पाहुण्यांनी खजूर, रोटी आणि उंटिणीचं दूध घेतलं आणि लग्न लागलं. तोवर आचारी पोट धरून भिंतीशी बसला होता. चव बघत बघत त्याच्या पोटात दोन-चार चमचे गेले होते. तो दुसऱ्या दिवसापर्यंत ओकत होता, पण वाचला.

पुढचं थोडक्यात सांगतो. बोटी दुरुस्त करायच्या वर्कशॉपात गोव्याचा एक फोरमन होता. त्याला कांडी दाखवली. त्याने हातात घेतली आणि पहिलं काय विचारलं, तर "वितळवली नाहीस ना?" म्हणाला, याला कॅडमियम म्हणतात. खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून बोल्टांवर चढवतात. धूर छातीत गेला तर माणूस राहत नाही. आणि हेही वाकवलं की कण्हतं. जगात कथिलासारखं कण्हणारं दुसरं काही असतं, हे मामूला कुणी सांगितलेलं नव्हतं. कोण सांगणार? देऱ्यात ते कुणी बघितलेलंच नव्हतं. उरलेलं खोकं फोरमनने मागून नेलं. त्याला ते हवंच होतं, कथिलापेक्षा दुर्मिळ माल. आमच्या घरात मरण होतं ते त्याच्या शेडमध्ये कामाचं होतं.

दुकान चाललं नाही. कुणी तोंडावर वाईट बोललं नाही, सलाम सगळे करायचे. फक्त किटल्या यायच्या बंद झाल्या. तसंही लवकरच ॲल्युमिनियम आलं, मग स्टील आलं, आणि कल्हई म्हणजे काय हे सांगायची वेळ आली. मी भंगाराच्या धंद्यात गेलो, मुलं शिकली. आता मुलगा दुबईतल्याच सिलिकॉन ओएसिस नावाच्या वस्तीत राहतो, मी त्याच्याकडे. सिलिकॉन काय असतं मला ठाऊक नाही. नात इंजिनियरिंगला आहे. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "दादा, इट्स नॉट अ घोस्ट. क्रिस्टल्स घासतात, सो यू हिअर दॅट." मी विचारलं, खोक्यात आडवं ठेवलेलं, कुणी न वाकवता? ती म्हणाली, "नो. दॅट्स नॉट पॉसिबल." मग मोबाइल घेऊन आत गेली.

त्या दिवशी लग्नघरातून परतलो, ते लिहायचं राहिलं. दुपार होती, रस्त्यावर कुणी नाही. जमीला पुढे चालत होती, मी मागे. घरी आल्यावर ती दुकानात गेली, खोक्यापाशी उभी राहिली. आवाज नव्हता. आम्ही बराच वेळ कान दिला. काही नाही. ती म्हणाली, "गेले." मग बुरखा न काढताच खाली बसली आणि रडायला लागली. एवढ्या मोठ्याने, की शेजारची बलुची बाई धावत आली. चार दिवसांचं रडणं ती त्या दुपारी रडली. मी तिच्याजवळ बसलो होतो. तेव्हा मला समजलं की ती रडायची का थांबली होती. देगी उलट्या झाल्याशिवाय तिला रडता येत नव्हतं.

जमीला जाऊन आता वर्ष होत आलं. मुलगा रडला, सून रडली, नात रडली. मला अजून रडू आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात वयामुळे असेल. मला तसं वाटत नाही. माझंही काहीतरी कुणाच्या तरी दारात राहिलंय, ते जाऊन आधी उलटं करायला हवं. पुढे चालणारी जमीलाच होती, तिला ठाऊक असायचं कुठे जायचं. मी रोज दुपारी चपला घालून दाराशी उभा राहतो.